परक्या गावात आपली चव कशी विकायची: सोलापुरात बाहेरून आलेल्यांसाठी जेवणाच्या धंद्याचं सगळं गणित

सोलापुरात बाहेरून आलेला माणूस म्हणजे काय नवल नाही. पूर्व भागातले पद्मशाली विणकर तेलंगणातनं आले, जुनी गिरणी १८७७ ची, तिच्या आणि नंतरच्या गिरण्यांच्या भोंग्यावर आसपासच्या खेड्यातली माणसं आली, कर्नाटक तर इथनं तासाभरावर. त्यामुळे "तुम्ही इथले नाही का हो?" असं कुणी विचारलं तर वाईट वाटून घेऊ नका, पुढचा प्रश्न बहुतेक "मग तिकडं जेवणात काय असतं?" हाच असतो आणि आपला धंदा तिथूनच सुरू होतो.

मी मूळचा खानदेशातला, चोपड्याकडचा. नोकरीसाठी इथं आलो, आता घरातल्या किचनमधून शेवभाजी, काळा मसाला, बिबडे (ज्वारीचे खानदेशी पापड) आणि थंडीत भरीत असा धंदा चालतो. इनबॉक्सात सारखं कुणी ना कुणी विचारतं, कुणी विदर्भातनं बदली होऊन आलेल्या ताई, कुणी लग्न होऊन कोकणातनं आलेल्या, कुणी फताटेवाडीच्या एनटीपीसी वीजप्रकल्पाकडं राहणारे बिहारचे भाऊ, की आम्हाला पण करायचंय, सुरुवात कुठून करू. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. लांब आहे, चहा घेऊन बसा.

पदार्थ निवडताना मंगळवारचा विचार करा

हाताला पन्नास पदार्थ येतात म्हणून पन्नास विकायला काढू नका. दोन किंवा तीन, बस. आणि ते निवडायची माझी एकच कसोटी आहे, हा पदार्थ सोलापूरचा माणूस साध्या मंगळवारी रात्री, घरच्या भाकरीबरोबर, काही सणवार नसताना खाईल का? कारण नवीन म्हणून प्रत्येक जण एकदा घेतो, "वा, वेगळंच आहे की ओ" म्हणतो आणि परत येत नाही. नवलाईवर महिना निघतो, वर्ष निघत नाही.

आता इथल्या माणसाच्या तोंडाची चव बघा. शेंगदाणा, लसूण, तिखट, ज्वारी. शेंगाचटणी आणि कडक भाकरी हे त्यांचं स्वतःचं, त्यात बाहेरच्यानं हात घालू नये असं माझं स्पष्ट मत. तुम्ही कितीही चांगली शेंगाचटणी केली तरी समोरची काकू म्हणणार, आमच्या सासूबाईंच्या हाताची नाही. पण त्याच भाकरीबरोबर काहीतरी ओलं, रश्श्याचं, झणझणीत दिलंत तर? शेवभाजी इथं चालली ती त्यामुळेच. तिखट चालतं, रस्सा चालतो, भाकरी घरात आहेच, फक्त भाजी आणायचीय. वऱ्हाडातल्या ताईंना मी पाटवडी रस्सा सुचवला होता, त्याच कारणानं. बेसन कुठंही मिळतं, रस्सा वेगळा, बाकी सगळं ओळखीचं. कोकणातल्यांनी ताज्या समुद्री माशाच्या मागं लागू नये, समुद्र लांब आहे आणि बर्फातल्या मालावर तुमची चव दिसणार नाही, त्यापेक्षा सोलकढी, कुळथाचं पिठलं, आंबोळी घ्या. बिहारच्या भाऊंचं लिट्टी-चोखा, सत्तू हे आधी त्यांच्याच कामगारांत चालेल, मग बाकीच्यांत.

दुसरी गोष्ट म्हणजे माल. जे साहित्य इथं मिळत नाही ते पदार्थाच्या गाभ्यात असेल तर तो पदार्थ रोजच्या यादीत ठेवू नका. आमचं भरीताचं वांगं हिरवं, लांबट, कमी बियांचं, जळगावच्या त्या वांग्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, आणि इथल्या जांभळ्या वांग्याचं भरीत केलं तर पाणी सुटतं. म्हणून भरीत मी फक्त थंडीत आणि ऑर्डर असेल तरच करतो, वांगी तिकडून पार्सलनं मागवतो. भुसावळकडनं दौंडमार्गे गाड्या आहेत, ट्रॅव्हल्स आहेत, पण रोजच्या धंद्याला हे परवडत नाही. उलट कळण्याची भाकरी बघा, किलो ज्वारीला पाव किलो सालासकट उडीद आणि थोडं मीठ घालून दळायचं. तिकडं दादर ज्वारी वापरतात, इथं मालदांडी. मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही जीआय आहे, म्हणजे कच्चा माल तिकडच्यापेक्षा कमी नाही. मला तर मालदांडीवरची कळण्याची भाकरी जास्त मऊ वाटते, पण हे गावी बोलत नाही.

शेवभाजीची जाड तिखट शेव मात्र घरीच पाडतो. बाजारातली बारीक शेव रश्श्यात पडली की दोन मिनिटांत पिठलं होतं. मोहन कमी, ओवा, लसूण, तिखट, आणि शेव व रस्सा वेगवेगळा द्यायचा, गिऱ्हाइकानं जेवायच्या वेळी घालायची. एवढ्या एका गोष्टीनं निम्म्या तक्रारी होतच नाहीत.

आणखी एक, मालाचे तीन प्रकार डोक्यात ठेवा. टिकणारा (मसाला, शेव, बिबडे, पापड), ऑर्डरचा (भरीत, मांडे) आणि रोजचा (डबा). रोजच्या डब्यात पैसा फिरतो पण माणूस बांधला जातो, एक दिवस ताप आला तर वीस जण उपाशी. परक्या गावात मदतीला जाऊबाई नाहीत की मावशी नाही, हे विसरू नका. म्हणून सुरुवात टिकणाऱ्या मालानं करा, जोडीला आठवड्यातून दोन दिवस ऑर्डरचा. डबा शेवटी.

चव बघायला देताना

"कसं झालंय?" असं विचारूच नका. सगळे भारी म्हणणार, आपली माणसं सभ्य आहेत. विचारायचं असं की "एवढ्याला अर्धा किलो देतोय, घेणार का?" आणि गप्प बसायचं. पैसे निघाले तर चव आवडली. फुकट वाटलेल्या डब्यावरून काही कळत नाही, रिकामा डबा परत येतो एवढंच. थोडं थोडं विका, पण विका.

आणि दोन वेगळ्या वह्या ठेवा, एक आपल्या मुलखातल्या लोकांची, एक इथल्यांची. गाववाले म्हणणार तिखट कमी झालं, आईच्या हातचं नाही. इथले म्हणणार खोबऱ्याचा मसाला जरा जड होतोय. कुणाचं ऐकायचं? माझं उत्तर, मसाला बदलू नका, तेल आणि रश्श्याचा पातळपणा बदला. ओळख मसाल्यात असते. तर्री थोडी कमी केली तर खानदेशी माणूस कुरकुरतो पण घेतो. आणि धंदा टिकायचा तर दुसरी वही पहिलीपेक्षा जाड व्हायलाच हवी, कारण शहरात आपल्या मुलखातली घरं मोजकीच असतात.

कागदपत्रं, इथं बाहेरच्याची खरी अडचण

सगळ्यात आधी एफएसएसएआय, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याची नोंद. घरातनं विकलं तरी लागतं. त्यांच्याच फॉस्कोस पोर्टलवर बेसिक रजिस्ट्रेशन, २०११ च्या मूळ नियमांत ते वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीसाठी आणि फी वर्षाला ₹१०० अशी होती, मर्यादा आणि मुदतीचे नियम बदलत असतात तर भरायच्या दिवशी पोर्टलवरचा चालू आकडा बघा. फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा आणि काय बनवता ते, संपलं. यात एजंटाला हजारो रुपये द्यायचं काही कारण नाही, स्वतः बसलात तर एका संध्याकाळी होतं. १४ आकडी नंबर येतो, तो पॅकेटवर आणि मेनूवर.

भाडेकरूची गाडी अडते ती जागेच्या पुराव्यावर. लाइट बिल मालकाच्या नावावर, आधारवर गावचा पत्ता. यावर उपाय म्हणजे रजिस्टर केलेला भाडेकरार आणि मालकाचं लेखी संमतीपत्र, त्यात "घरगुती खाद्यपदार्थ बनवण्यास हरकत नाही" ही ओळ लिहून घ्या. ही ओळ घर घेतानाच मागा, नंतर मागितली की भाडं वाढतं. आणि फ्लॅट असेल तर शेजाऱ्यांना आधी सांगा, काळा मसाला भाजला की तीन मजले शिंकतात, खरं सांगतोय. मी मसाला भाजायला दुपारची वेळ ठरवून घेतलीय आणि दिवाळीला जिन्यातल्या प्रत्येक घरी शेवेचं पाकीट जातं.

उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) आधारवर, पूर्ण फुकट, पैसे मागणारी वेबसाइट दिसली की बंद करा. दुकान घेतलंत तर वीसपेक्षा कमी कामगार असतील तर (२०२५ पर्यंत ही मर्यादा दहा होती) २०१७ च्या दुकाने कायद्याखाली ऑनलाइन फक्त कळवायचं असतं. गॅस, घरचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, १९ किलोचा कमर्शियल घ्यायचा. बरेच जण इकडं दुर्लक्ष करतात, पण काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारणार.

जीएसटीचं थोडक्यात. महाराष्ट्रात नुसता माल विकत असाल तर उलाढाल ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, जेवणाची सेवा (डबा, केटरिंग) असेल तर मर्यादा २० लाख. पण खरी मेख पुढं आहे, मसाला किंवा शेव राज्याबाहेर विकली, हैदराबादला, विजापूरला, तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. सोलापूर सीमेवरचं गाव, इथं ही ऑर्डर पहिल्याच महिन्यात येते. त्यामुळे इन्स्टावर "ऑल इंडिया डिलिव्हरी" लिहायच्या आधी एकदा सीएला भेटा. पॅकबंद शेव-फरसाणावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झालाय हेही माहिती असू द्या.

पॅकेट विकताना लेबल. पदार्थाचं नाव, घटक जास्तीकडून कमीकडे, निव्वळ वजन, एमआरपी सर्व करांसहित, ग्रॅममागे किंवा किलोमागे दर, पॅकिंगची तारीख, बॅच नंबर, कधीपर्यंत चांगलं, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीचा फोन, हिरवा शाकाहारी ठिपका, एफएसएसएआय नंबर. मसाल्यात शेंगदाणा असेल तर ते अ‍ॅलर्जीसाठी वेगळं लिहायचं. सोलापुरात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी म्हटलं की लोक हसतात, पण पाकीट पुण्याला कुणाच्या तरी लहान पोराच्या हातात जातं. आणि पॅकबंद माल सुरू केलात की वैधमापन (वजन-मापाच्या) कार्यालयात पॅकर म्हणून नोंद, सुरू केल्यापासून ९० दिवसांच्या आत.

पाणी आणि ऊन

हे बाहेरच्याला कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतरानं येतं. उजनी धरण भरलं तरी आपल्या नळाचा दिवस ठरलेला. त्यामुळे जागा बघताना ओट्याच्या आधी टाकी बघा, खाली हौद किती, वर टाकी किती, बोअर आहे का. स्वयंपाकाचं आणि प्यायचं पाणी वेगळं, झाकलेलं, फिल्टरचं. बोअरच्या खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि रश्श्याची चव बदलते, मग आपण उगाच मसाल्याला दोष देत बसतो.

ऊन. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ च्या वर जातो. जेवणाचा साधा नियम, गरम अन्न ६० अंशांच्या वर, थंड ५ च्या खाली, मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. इथं उन्हाळ्यात डबा घेऊन पोरगं दीड तास फिरलं की संपलं. म्हणून मार्च ते जून ओल्या खोबऱ्याचं, दह्याचं काही डब्यात नाही, आणि डिलिव्हरी दुपारी बाराच्या आत किंवा संध्याकाळी. रस्सा उकळता भरायचा, कोमट झाल्यावर नाही.

पण हेच ऊन वाळवणाला सोनं आहे बघा. बिबडे, कुरडया, पापड, सांडगे, जे पुण्यात दोन-तीन दिवस वाळायला घ्यावे लागतात ते इथं गच्चीवर एका दिवसात कडकडीत. एप्रिलमध्ये डबा कमी करून वाळवण वाढवायचं, पावसाळा ते दिवाळी ते विकायचं. आमच्या वर्षाचा निम्मा हिशोब या एका गोष्टीवर बसतो. फक्त गच्ची वापरायची परवानगी तोंडी नको, मालकाच्या त्याच संमतीपत्रात.

शेव तळायच्या तेलाबद्दलही बोलतो, कारण इथं सगळे हात आखडतात. तळलेल्या तेलात पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते वापरायचं नाही असा २०१८ पासून नियम आहे. घरी मशीन नसतं, पण तेल काळपट झालं, फेस टिकायला लागला, धूर लवकर सुटला की बाजूला काढा. काटकसर म्हणून त्यातच नवीन तेल ओतलंत तर शेव पंधरा दिवसात खवट. वर्तमानपत्रात शेव बांधून देऊ नका, शाई उतरते आणि मनाईही आहे. प्रत्येक बॅचचं एक पाकीट स्वतःकडं ठेवा, दर आठवड्याला उघडून वास घ्या, खवट कधी झालं ते लिहा आणि लेबलवर त्याच्या बऱ्याच आधीची तारीख टाका. जास्त माल जायला लागला की लॅबमध्ये तपासून घ्या.

भाव लावताना

समजा शेवभाजी, दोन भाकऱ्या, कांदा, असा डबा आहे. कच्चा माल ४०, गॅस ६, डबी-पिशवी ८, पोचवणं १२, वाया जाणारं ४, झाले ७०. बहुतेक जण इथं थांबतात, ९० ला विकतात आणि २० सुटले म्हणून खूश होतात. पण ती तुमची मजुरी होती हो! मजुरी २० धरली की खर्चच ९०, त्यावर भाड्याचा हिस्सा, दुरुस्ती, सुटीचे दिवस यासाठी अजून काहीतरी हवंच, म्हणजे भाव ११० च्या खाली बसत नाही. आता हाच डबा अ‍ॅपवर टाकला आणि त्यांनी समजा २५ टक्के कापले तर साडेसत्तावीस गेले. पोचवायचे १२ वाचले असं धरलं तरी हातात उरतात साडेचार रुपये. अ‍ॅप वाईट नाही, स्विगी-झोमॅटो इथं चालतात, पण अ‍ॅपवरचा भाव वेगळा ठेवा आणि डब्यात फोन नंबरची चिठ्ठी घाला.

सोलापूर स्वस्ताईचं गाव आहे, पुण्याचा भाव इथं सांगितला की माणूस "राहू दे बे" म्हणून पुढं जातो. याला तोड म्हणजे छोटं माप. अडीचशे ग्रॅम रस्सा आणि शेवेची पुडी, भाकरी तुमची घरची. भाव खाली, नफा तोच, आणि रविवारी मोठं माप त्याच घरातनं येतं.

कुठं विकायचं

जुळे सोलापूर, विजापूर रोड, सैफुल, होटगी रोड, हा नोकरदार पट्टा, बदलीवर आलेली घरं इथं सापडतात, अपार्टमेंटच्या ग्रुपवर एका घराकडून दुसऱ्याकडं जातं. केगावकडं विद्यापीठ, अशोक चौकाकडं इंजिनिअरिंगची पोरं, इथं डबा चालतो पण महिन्याचे पैसे आधी. आधी म्हणजे आधी. पोरगं चांगलं असतं, एक तारखेला घरून पैसे येणार असतात, मग परीक्षा येते, मग पोरगं गावाला जातं. उधारी नाही म्हटलं की गिऱ्हाईक तुटतं ही भीती नवख्याला जास्त वाटते, कारण गावात ओळख नाही, पण बुडव्यांना हे बरोबर कळतं.

सिव्हिल हॉस्पिटलच्या आसपास नातेवाईकांना साधं, कमी तिखट जेवण हवं असतं. तिथं आपली तर्री घेऊन जाऊ नका, खिचडी-कढी घेऊन जा. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत शिफ्टच्या वेळा पाठ करा, दहा मिनिटं उशीर म्हणजे डबा परत.

जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा, होम मैदानावर गड्डा, म्हणजे तिची जत्रा. स्टॉलचं भाडं आणि धूळ दोन्ही जास्त, नवख्यानं पहिल्याच वर्षी पूर्ण स्टॉल घेऊ नये, कुणाच्या तरी बाजूला टेबल टाकावं. त्यापेक्षा डिसेंबर ते फेब्रुवारी हुरड्याचा सीझन पकडा. शेतावर हुरडा पार्ट्या करणाऱ्यांना जेवणात काहीतरी वेगळं हवंच असतं, हुरड्यानंतर भरीत आणि कळण्याची भाकरी याला कुणी नाही म्हणत नाही, आणि तिथं पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, जाताना मसाल्याचं पाकीट नेतात.

भाषेचं म्हणाल तर मराठीवर भागतं, पण पूर्व भागात चार शब्द तेलुगू आणि बाजारात चार शब्द कन्नड आले की भाव करायला सोपं जातं. साखर पेठेत एखाद्या आजींना "बागुंदा?" (तेलुगूत, चांगलं आहे का?) विचारून बघा, हसतील आधी, मग मोकळेपणानं सांगतील की मीठ कमी आहे.

आपल्या गाववाल्यांबद्दल जरा नाजूक बोलायचंय. पहिलं गिऱ्हाईक तेच, त्यांच्याशिवाय सुरुवात होत नाही. पण "आपलाच माणूस आहेस, भावात बघ ना" हेही तेच. सूट ठरवूनच टाका, दिवाळीला टिकणाऱ्या मालावर दहा टक्के, बाकी वर्षभर भाव एक. मंडळाच्या कार्यक्रमाला वर्गणी म्हणून पदार्थ द्यायचा तर वर्षातून एकदा, आणि तिथं पाटीवर नाव-नंबर हवा.

कर्ज आणि नोकरी

मुद्रात शिशू ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत. शेवेचं मशीन, छोटा फ्रीजर, सीलिंग मशीन यात शिशू पुरतं. हातगाडी असेल तर पीएम स्वनिधी, त्यात पहिलं कर्ज आता १५ हजारांपर्यंत, वेळेवर फेडलं की २५, मग ५०. प्रक्रिया उद्योगाला पीएमएफएमई (छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना), खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान, स्वतःचे किमान १० टक्के. ते अनुदान लगेच हातात येत नाही, तीन वर्षं बँकेतच अडकून राहतं, त्यामुळे ते धरून खर्चाची आखणी करू नका. अर्जाला मदत करणारा जिल्हा संसाधन व्यक्ती कृषी विभागाकडनं मिळतो, त्याला पैसे द्यायचे नसतात. योजनेची मुदत कुठवर आहे तेही तिथंच विचारा.

बँकेत बाहेरच्याला पहिला प्रश्न, "इथं किती दिवस राहणार?" याला उत्तर तोंडी देऊ नका. सगळी विक्री यूपीआयवर एकाच खात्यात घ्या, सहा-आठ महिन्यांचं स्टेटमेंट पुढं ठेवा.

नोकरी कधी सोडायची? घरात दुसरा पगार नसेल तर सहा महिन्यांचं भाडं, किराणा, पोरांची फी आणि आरोग्य विमा बाजूला असल्याशिवाय अजिबात नाही. गावातल्याला घरभाडं नसतं, तो दोन महिने मंदी काढतो. आपलं भाडं एक तारखेला उभंच असतं. आणि बघायचं ते दिवाळीच्या महिन्याची विक्री नाही, श्रावण आणि मे महिन्याची. श्रावणात लोक कांदा-लसूण सोडतात, आमचा मसाला तेव्हा निम्म्यावर येतो. ते महिने घर चालवत असतील तर राजीनामा लिहा.

हाताखाली माणूस घ्यायचा तर भाकरीपासून सुरुवात करा. इथल्या बायकांसारखी भाकरी आपल्याला जन्मात जमणार नाही, आणि विडीच्या कामातून दुसरं काहीतरी हवंय अशा खूप जणी शहरात आहेत. नगावर दर ठरवा, पीठ-गॅस आपलं, पैसे आठवड्याला. आमच्याकडं येणाऱ्या मावशी कळण्याची भाकरी एका दिवसात शिकल्या, वर मलाच सांगितलं की उडीद जरा जास्त झालाय.

आणि सोलापूरकर परदेशात गेला तर

पोरगी युकेला, सून अमेरिकेत, "तिकडं शेंगाचटणी विकू का" हा प्रश्नही येतो. तिथं पदार्थाच्या आधी व्हिसा. युकेत स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही, मैत्रिणींना पैसे घेऊन डबे देणंही त्यातच येतं. स्किल्ड वर्करच्या जोडीदाराला डिपेंडंट व्हिसावर साधारण करता येतो, तरी आपल्या कागदावरच्या अटी वाचा. अमेरिकेत एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वाल्यानं साधारण स्वतःच्या धंद्यात काम करायचं नसतं, एच-४ ला (त्याच्या जोडीदाराला) ईएडी म्हणजे कामाची परवानगी मिळाली असेल तर चालतं.

युकेत घरातनं विकायचं तरी सुरू करायच्या किमान २८ दिवस आधी स्थानिक काउन्सिलकडं फूड बिझनेस म्हणून नोंद करायची, फुकट असते. मग तपासणी होते, इंग्लंडमध्ये ० ते ५ रेटिंग मिळतं. ठरलेल्या १४ अ‍ॅलर्जी घटकांपैकी जे पदार्थात असतील ते लेबलवर दाखवावे लागतात, शेंगदाणा आणि तीळ दोन्ही त्या यादीत आहेत, म्हणजे आपली चटणी लेबलसकटच जन्माला आली पाहिजे. वर्षाला १,००० पाउंडांपर्यंतच्या विक्रीला ट्रेडिंग अलाउन्स (करात सूट) आहे, त्यापुढं टॅक्सची नोंदणी. भारतातून धंद्यासाठी शेंगदाणा मागवला तर अफ्लाटॉक्सिनच्या तपासण्यांमधून जावं लागतं, त्यामुळे दाणा तिथंच घ्या, लसूण-तिखटाचं प्रमाण इथून न्या. कडक भाकरी मात्र पाठवता येते, फक्त डब्यात उभी रचा आणि मधे कागद घाला, आडवी रचली की हिथ्रोला चुरा पोचतो.